शंख, चक्र आणि शंभर वर्षांची रेघ: एका चिनी वाडग्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका घरी देवघरात सत्तरएक वर्षं एक चिनी मातीचा वाडगा होता. घरचे आजोबा मुंबईत फोर्टमधल्या एका पारशी पेढीवर हिशेबनीस होते. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मालकांनी बंगला आवरायला काढला आणि जुन्या माणसांना काही ना काही देऊन टाकलं. आजोबांच्या वाट्याला हा वाडगा आला. पावती नाही, चिठ्ठी नाही. ‘आमच्या आजोबांच्या वेळचा आहे, जपा,’ असं मालक म्हणाले होते, एवढीच त्याची कुळकथा.

मुंबईच्या पारशी घरात असं भांडं निघण्यात नवल काही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इथून कापूस आणि अफू चीनच्या कँटन बंदराला जायची आणि परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम, गारा साड्यांचं भरतकाम आणि भांडी यायची. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी मांडलेली आहेत. अशी भांडी पुढे ‘बंगला आवरताना’ कुणाकुणाच्या घरी गेली, त्याची नोंद मात्र कुठेच नसते.

वाडगा घरी आला तेव्हा आजींनी त्यावर शंख पाहिला, चक्र पाहिलं, कमळ पाहिलं, दोन मासे पाहिले आणि हे विष्णूचं भांडं आहे असं ठरवून टाकलं. गदा कुठेच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून एकादशीचं पंचामृत त्याच वाडग्यात. आजींनंतर सुनेनेही तोच शिरस्ता चालवला. या सूनबाई आज चौऱ्याऐंशीच्या आहेत. या लेखात त्यांना ‘आई’ म्हणते. त्यांची मुलगी पुण्यात असते, मुलगा इंग्लंडमध्ये. आणि मी जुनी भांडी तपासून त्यांची डागडुजी करते.

वस्तू

तोंडाचा व्यास १८.२ सेंटीमीटर, उंची ८ सेंटीमीटर, वजन ३६५ ग्रॅम. बाहेरून पांढऱ्या झिलईवर वेलबुट्टीतली कमळं, आणि एकेका कमळावर फितीने बांधलेलं एकेक चिन्ह: धर्मचक्र, शंख, ध्वज, छत्र, कमळ, कलश, माशांची जोडी आणि जिला आदी ना अंत अशी गाठ. ही बौद्ध अष्टमंगलं. भारतातून तिबेटात, तिबेटातून चीनमध्ये गेलेली. चीनच्या छिंग घराण्यातले सम्राट तिबेटी बौद्ध धर्माचे मोठे आश्रयदाते होते. छ्येनलोंग सम्राटाने (कारकीर्द १७३६ ते १७९६) चंगदे इथे ल्हासाच्या पोताला राजवाड्याच्या धर्तीवर मंदिर बांधून घेतलं, ते १७७१ मध्ये पुरं झालं. अष्टमंगलं भांड्यांवर अशी घाऊक उतरली त्याला दरबारातलं हे वातावरणही कारण. म्हणजे आजींच्या अंदाजात देव चुकला होता, गाव नाही. ही चिन्हं इथलीच होती, लांबच्या वाटेने घरी परत आलेली.

आतून आणि बुडाला फिरोजी रंग. बुडावर तांबड्या मिन्यात (भट्टीत भाजून बसवलेल्या काचेच्या रंगात) मुद्रालिपीतली सहा अक्षरं: ‘महान छिंग, छ्येनलोंग काळात निर्मित’. काठाला सोनेरी रेघ. एका बाजूला काठापासून खाली उतरलेली चीर, तिच्यावर पितळेचे तीन टाके. फुटकी चिनी भांडी बारीक भोकं पाडून तारेच्या टाक्यांनी सांधणारे कारागीर पूर्वी असत. भोक आरपार जात नाही, हेच त्यातलं कसब. काठाचा एक टवका मात्र अलीकडे कुणीतरी झटपट गोंदाने चिकटवला होता, आणि गोंदाचा पिवळा ओघळ मधल्या कमळापर्यंत आला होता.

वाडग्याची सगळी कहाणी आतल्या तळाशी वाचता येत होती. भिंगाखाली फिरोजी मिना वरच्या भागात काचेसारखा चमकदार, आणि पंचामृताची पातळी जिथे राहायची तिथून खाली मंद, धुरकट. दही आंबट. मिन्यात शिसं असतं आणि आंबटाने ते थोडं थोडं सुटतं. मिन्याच्या सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांत कुंकू बसलं होतं. ते मी काढलं नाही. पंचामृताबद्दल मात्र पहिल्याच भेटीत आईंना स्पष्ट सांगितलं: यातलं काही पोटात घालायचं नाही. त्या म्हणाल्या, “सत्तर वर्षं घेतोय की.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सल्ला तोच ठेवला.

अडचण कशी उभी राहिली

खरं सांगायचं तर निम्मी अडचण माझ्यामुळे उभी राहिली. मुलीने व्हॉट्सॲपवर बुडाचा फोटो पाठवून विचारलं, “मॅडम, हे काय लिहिलंय?” मी प्रवासात होते. उत्तर दिलं: “छ्येनलोंगचा शिक्का आहे.” मी अक्षरं वाचून दाखवली होती, काळ सांगितला नव्हता. पण तो निरोप तासाभरात घरच्या ग्रुपवर आणि तिथून इंग्लंडला गेला.

हे २०२३ सालचं. त्याच एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या लिलावात छ्येनलोंगकालीन मिनाकामाचा, पाकोळ्या रंगवलेला एक वाडगा अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला होता आणि ती बातमी सगळीकडे फिरत होती. तळहातावर मावेल एवढा वाडगा! मुलाने बातमी आणि माझा निरोप शेजारी शेजारी ठेवले आणि डिसेंबरच्या भेटीत वाडगा सामानातून लंडनला न्यायचं ठरवलं. मुलीचं म्हणणं, वाडगा देवघरातला आहे, हलवायचा नाही. आईंनी दोघांनाही “तुमचं काय ते ठरवा” म्हणून सांगितलं, आणि एकादशीला वाडगा नेहमीसारखा घासून पुढे ठेवला.

माझ्याकडे रीतसर काम आलं ते भावाबहिणींचं बोलणं जवळजवळ थांबल्यावर. मागणी होती ‘किंमत सांगा’.

शिक्क्यावर किती विसंबायचं

जिंगदेचेन हे चीनमधलं चिनी मातीच्या भांड्यांचं प्रमुख गाव. तिथल्या भट्ट्यांत आधीच्या सम्राटाचा शिक्का मारणं ही जुनी रीत. कधी फसवणूक म्हणून, बरेचदा मान म्हणून. तायपिंग बंडात १८५० च्या दशकात ते गाव उद्ध्वस्त झालं. भट्ट्या पुन्हा पेटल्यावर क्वांगशू सम्राटाच्या काळात (१८७५ ते १९०८) छ्येनलोंगच्या घाटांची आणि नक्षीची भरपूर नक्कल झाली. त्यामुळे शिक्का शेवटी पाहायचा आणि बाकीचं भांडं आधी, असा माझा नेम. त्या दिवशी तोच मोडला होता.

बाकीचं भांडं काय सांगत होतं? अठराव्या शतकातल्या राजभट्टीच्या कामात बुडाच्या कडीची उघडी माती गोल, गुळगुळीत घासलेली असते. बोट फिरवलं की कळतं. इथे ती चपटी आणि किंचित खरखरीत. कमळाच्या पाकळ्यांत गुलाबी छटा पांढऱ्यात विरघळत जायला हवी. हा गुलाबी रंग सोन्यापासून करतात आणि १७२० च्या दशकापासून चिनी मिन्यात तो बहरला. इथे पाकळीला दोनच पायऱ्या होत्या, गडद आणि फिका. शिक्क्याची अक्षरं हाताने काढलेली, पण घाईची. चौथ्या अक्षरातल्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या.

कुणी म्हणेल, बुडावर ‘चायना’ असं रोमन अक्षरांत नाही म्हणजे भांडं जुनं. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं आणि तेव्हापासून निर्यातीच्या मालावर ते दिसू लागलं, हे खरं. पण हा वाडगा मुंबईला आला होता, न्यूयॉर्कला नाही. ते नाव नसण्याने इथे काहीच ठरत नाही.

मग भोसरीच्या एका धातुतपासणी प्रयोगशाळेतलं हातात धरायचं एक्स-रे यंत्र अर्ध्या तासासाठी मिळवलं. एरवी ते पोलादाची जात ओळखायला वापरतात. भांड्याला ओरखडाही न उठता मिन्यातली मूलद्रव्यं कळतात. शिसं अपेक्षेप्रमाणे भरपूर. पांढऱ्या मिन्यात आर्सेनिक आहे का, ते या यंत्रावर नीट कळलं नाही, कारण यंत्राच्या आलेखात शिशाची आणि आर्सेनिकची एक रेघ जवळजवळ एकावर एक येते. पण हिरव्या पानांत क्रोमियम निघालं. क्रोमियम हे मूलद्रव्य सापडलं १७९७ साली, फ्रान्समध्ये. छ्येनलोंगने गादी सोडली ती त्याच्या आदल्याच वर्षी, आणि क्रोमियमचे रंग चिनी कारागिरांपर्यंत पोचले ते पुढे कित्येक वर्षांनी. आलेखातल्या क्रोमियमच्या त्या एका शिखराने छ्येनलोंगचा विषय मिटला.

तापदीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) चाचणी, म्हणजे भांडं भट्टीत कधी भाजलं त्याचा अंदाज देणारी तपासणी, करायची का, हा प्रश्न मुलाने विचारला. तीत बुडाला छोटं भोक पाडून नमुना काढावा लागतो, आणि शे-सव्वाशे वर्षांच्या भांड्यात वीस-पंचवीस वर्षांचा फरक दाखवण्याइतकी ती बारीक नसते. आम्हाला नेमका तोच फरक हवा होता. नको म्हटलं.

अहवालात मी काळ लिहिला: ‘सुमारे १८८० ते १९३०’.

खरा पेच

या ओळीत काय चुकलं ते मुलाच्या फोनवर कळलं. “मॅडम, मग तुम्ही फक्त १९३० लिहा ना. नव्वद वर्षांचा.”

भारताचा पुरावस्तू कायदा १९७२ चा. शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू, आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेला. वस्तू भारतात घडलेली असली पाहिजे, अशी अट व्याख्येत नाही. हा कायदा मोडला तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड. त्या वर्षी शंभराची रेघ १९२३ वर होती आणि माझा अंदाज तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा होता.

गंमत अशी की या वाडग्याला दोन वयं हवी होती. लंडनच्या लिलावात तो दोनशे वर्षांचा असेल तर पैसे, आणि मुंबईच्या विमानतळावर नव्वदचा असेल तर सुटका. तोच माणूस आठवड्याभरात माझ्याशी दोन्ही बाजूंनी भांडला, आणि दोन्ही वेळा मनापासून. त्याला खोटं बोलायचं होतं असं मला वाटत नाही. ज्या खोलीत उभं असू त्या खोलीतला आकडा माणसाला खरा वाटतो.

कोणते पर्याय होते

गपचूप कपड्यांत गुंडाळून नेणं हा पर्याय मुलाने एकदाच बोलून दाखवला. मी म्हटलं, तसं करणार असाल तर माझा अहवाल परत द्या. तो मागे आला.

दुसरा पर्याय, भारतातच विकणं. त्यासाठी वाडगा ‘नीट’ करून घ्यावा, टाके काढून चीर राळेने बुजवावी, वरून रंगवावं, म्हणजे भाव वाढेल, असं एका विक्रेत्याने सुचवलं. हे मला पटलं नाही. टाके काढले तरी भोकं राहतात, आणि ती झाकायला शाबूत मिन्यावर रंग चढवावा लागतो. शिवाय आधुनिक गोंद येण्याआधी कुणालातरी हे भांडं टाके घालण्याच्या मोलाचं वाटलं होतं, हा वयाचा छोटासा पुरावाच त्याने पुसला गेला असता.

तिसरा, संग्रहालयाला देणं. एका ठिकाणी विचारलं. त्यांच्याकडे याच प्रकारची, याहून सरस आणि धडधाकट भांडी होती. नम्र नकार आला. मला त्यात गैर वाटलं नाही.

चौथा, पुरातत्त्व खात्याकडे ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मागणं. वस्तू आणि छायाचित्रं तज्ज्ञ समितीसमोर जातात आणि समिती ठरवते. मुलाचा सगळा भर यावर. मुलीला भीती, की प्रमाणपत्र मिळालं तर वाडगा गेलाच.

आणि पाचवा, घरातच ठेवून वाटणी करणं. तो तोवर कुणी उच्चारला नव्हता, कारण ‘वाटणी’ म्हटलं की कोटींचे आकडे डोळ्यांपुढे येत होते.

काय केलं

मी अहवाल मागे घेऊन नव्याने लिहिला. आधीच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या: माझं मत काय, आणि कुठल्या काळाची शक्यता मी पूर्णपणे नाकारू शकत नाही. आता वेगळं लिहिलं. माझं मत: क्वांगशू काळ. कारणं: रंगकाम, बुडाची कडी, टाके आणि घराण्यात सांगितलेली हकिकत. १९२३ नंतरची शक्यता: थोडी, पण तिला पुष्टी देणारं भांड्यावर काही नाही. दोन्ही अहवाल भावाबहिणींना एकाच वेळी पाठवले. आधीचा अहवाल एकेकट्याला पाठवण्याची चूक केली होती.

अर्ज करायचाच, असं मुलाने धरलं. मी म्हटलं, करा, पण हाच अहवाल जोडून. त्याने जोडला. त्याचं कौतुक वाटलं.

दरम्यान गोंदाचा ओघळ काढायचा होता. इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती भांड्यावर कायमची आहे. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन टवक्याच्या कडेला लावलं. गोंद मऊ झाला, सुटला, आणि बोळा उचलला तर त्यावर सोनेरी डाग. काठाच्या सोन्याची दोनेक सेंटीमीटर रेघ गेली होती. ते भट्टीतलं सोनं नव्हतंच. कधीतरी डब्यातल्या सोनेरी रंगाने ओढलेली रेघ होती ती. अतिनील टॉर्च माझ्या पिशवीत होता. आधी अंधारात तो मारला असता तर नंतरचा रंग वेगळा उजळून दिसला असता. पाच मिनिटांचं काम. गोंद काढण्याची घाई नडली. त्याच संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं, फोटो काढून नोंदीत घातला आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. उरलेली रेघ तशीच ठेवली आहे. गेलेला तुकडा पुन्हा रंगवलेला नाही.

टवका परत चिकटवताना, हवा तेव्हा सोडवता येईल असा चिकट पदार्थ वापरला. चीर आणि टाके फक्त मऊ ब्रशने झटकले.

पुन्हा करायचं झालं तर

फोटोवरून शिक्का वाचून दाखवायचा असेल तर आता मी एकच वाक्य पाठवते: ‘अक्षरं अशी आहेत, काळ भांडं हातात घेतल्यावर.’ कोरडं वाटतं खरं. पण ‘छ्येनलोंगचा शिक्का आहे’ या माझ्या तीन शब्दांनी एका घरात चार महिने अबोला राहिला.

अहवाल कशासाठी हवा, हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. विम्यासाठी, वाटणीसाठी की निर्यातीसाठी, यावर मत बदलत नाही, पण कुठल्या शंकेला किती शब्द द्यायचे ते बदलतं. निर्यातीचा बेत आहे हे ठाऊक असतं तर शंभराच्या रेघेवरून जाणारा आकडा मी अजिबात सैल सोडला नसता.

एक गोष्ट मात्र आजही तशीच करेन: कुंकू काढणार नाही. एका सहकाऱ्याच्या मते तो मळ आहे आणि मळ तो मळ. आमचा हा वाद अजून चालू आहे.

निष्पत्ती

प्रमाणपत्र मिळालं नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, म्हणजे वाडगा देशातच राहणार हे नक्की झालं. मुलगा पंधरा दिवस फोनवर आला नाही. मग त्याने विचारलं, “बरं, इथल्या इथे किती?” टाके घातलेल्या, काठ गेलेल्या, मिना झिजलेल्या उत्तर-छिंग वाडग्याला मी सत्तर हजार रुपये लावले. तो हसला. डिसेंबरचं त्याच्या कुटुंबाचं विमानाचं तिकीटच त्याहून महाग होतं. बहिणीने पस्तीस हजार त्याच्या इथल्या खात्यावर भरले. मी मध्ये बसून दोघांच्या सहीचा साधा कागद केला, त्यात पारशी पेढीपासूनची हकिकतही लिहून काढली. वाडग्याला त्याचा पहिला कागद मिळाला.

राहिली एकादशी. बहिणीला वाडगा काचेच्या कपाटात हवा होता, आईंना देवापुढे. शेवटी आईंनीच मार्ग काढला. गेल्या खेपेला गेले तेव्हा वाडगा देवघरातच होता, खाली घडी घातलेला मऊ पंचा, आणि आत स्टीलची वाटी. पंचामृत वाटीत. पळी वाटीच्या काठाला लागली की आई लगेच हात आवरत होत्या.